३६० कॅमेरा फोनवरून चालवताना आत नेमकं काय चाललेलं असतं

३६० अंशाचा कॅमेरा हातात धरून बटण दाबलं की फोटोत सगळ्यात मोठं काय येतं, तर आपलाच हात, अंगठा आणि खाली वाकलेला चेहरा. साध्या कॅमेऱ्याला मागची बाजू असते, तिथे उभं राहिलं की आपण फोटोबाहेर. या कॅमेऱ्याला मागची बाजूच नाहीये. पुढे एक लेन्स, पाठीला एक लेन्स, दोन्ही फिशआय, प्रत्येकीला १८० अंशांपेक्षा थोडं जास्तच दिसतं, आणि दोघी मिळून वरचं छत, खालची जमीन, आजूबाजूची माणसं सगळं एकाच वेळी टिपतात. त्यामुळे फोनवरचं ॲप ही इथे हौसेची गोष्ट राहत नाही, ते लागतंच. कॅमेरा स्टँडवर लावायचा, आपण भिंतीआड नाहीतर दाराबाहेर जायचं आणि तिथून फोटो काढायचा, दुसरा चांगला मार्ग नाही (टायमर आहे म्हणा, त्याबद्दल पुढे बोलू).

बहुतेकांचं अडतं कुठे तर फोटो काढण्यात नाही, कनेक्शनमध्ये. कॅमेरा येतो, ॲप टाकलं जातं, दोन-चार वेळा "कनेक्ट होत नाही" असं दिसतं आणि एवढा चांगला कॅमेरा कपाटात जाऊन बसतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा कॅमेरा धडधाकट असतो आणि गोंधळ फोनच्या सेटिंगमध्ये असतो. फोन आणि कॅमेरा एकमेकांशी कसे बोलतात हे एकदा डोक्यात बसलं की कुठलंही मॉडेल असो, अडचण कुठे आहे ते तुमचं तुम्हालाच कळायला लागतं.

आधी हे बघा की दोघांमध्ये इंटरनेट कुठेच नसतं. नेहमीच्या वायफायमध्ये एक राऊटर असतो आणि त्याच्यामागे इंटरनेट असतं. इथे कॅमेरा स्वतःच छोटासा राऊटर होतो, त्याचं वायफाय चालू केलं की तो स्वतःच्या नावाचं एक नेटवर्क तयार करतो आणि फोन त्या नेटवर्कला जाऊन जोडला जातो. रिकोच्या थीटा कॅमेऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण २०१३ मध्ये आलेला हा या प्रकारातला सगळ्यात आधीच्या लोकप्रिय कॅमेऱ्यांपैकी एक आणि त्याची पद्धत समजायला सोपी आहे. त्याच्या नेटवर्कचं नाव म्हणजे थीटा, त्याला लागून कॅमेऱ्याचा सीरियल नंबर आणि थीटा एस व नंतरच्या मॉडेलांत शेवटी डॉट ओएससी. पासवर्ड काय, तर त्याच सीरियल नंबरातली सुरुवातीची अक्षरं काढून उरलेले आकडे. हे आकडे आठ असतात, आणि डब्ल्यूपीए२ सुरक्षा असलेल्या वायफायला पासवर्ड कमीत कमी आठ अक्षरांचाच लागतो, म्हणजे बरोबर बसतं. सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडाला छापलेला असतो, त्यामुळे खोका नि कागदपत्रं हरवली तरी काही बिघडत नाही, कॅमेरा उलटा करून बघायचा.

काही नव्या कॅमेऱ्यांत ब्लूटूथही मदतीला येतं. ब्लूटूथला बॅटरी फार कमी लागते म्हणून कॅमेरा झोपलेला असतानाही तेवढं चालू ठेवता येतं, फोन ब्लूटूथवरून कॅमेऱ्याला जागं करतो, वायफाय चालू करायला सांगतो आणि मग खरं काम वायफायवर सुरू होतं. चित्र पाठवायला ब्लूटूथचा वेग पुरत नाही, छोटे छोटे निरोप द्यायला मात्र ते अगदी छान. म्हणून ॲप तुमच्याकडे ब्लूटूथ आणि वायफाय दोन्हींची परवानगी मागत असेल तर त्यात वावगं काही नाही.

आता मुख्य दुखणं. फोनच्या लेखी वायफाय म्हणजे इंटरनेट. कुठल्याही नेटवर्कला जोडलं की फोन गुपचूप एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन बघतो की इंटरनेट लागतंय का. कॅमेऱ्याच्या नेटवर्कवर ते लागणार नाहीच, मग फोन म्हणतो हे नेटवर्क काही कामाचं नाही. काही फोन वरती एक नोटिफिकेशन दाखवून विचारतात की इंटरनेट नाहीये, तरी जोडलेलं राहायचं का, आणि आपण ते बघितलंच नाही तर फोन आपल्या मनानं मोबाइल डेटावर नाहीतर ओळखीच्या दुसऱ्या वायफायवर उडी मारतो. वर वायफायचं चिन्ह दिसत असतं, आपल्याला वाटतं जोडलंय, आणि ॲप मात्र कॅमेऱ्याला पाठवायचा निरोप मोबाइल डेटावरून बाहेर पाठवत बसलेलं असतं, जिथे तो कॅमेरा नाहीच! कॅमेरा तुमच्यापासून दोन हातांवर आणि फोन त्याला भलतीकडेच शोधतोय, असा तो प्रकार.

उपाय सोपा आहे पण क्रम पाळावा लागतो. आधी मोबाइल डेटा बंद करा. व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद, कारण व्हीपीएन सगळी ये-जा आपल्या बोगद्यातून नेतो आणि जवळच्या कॅमेऱ्याकडे जायची वाट अडू शकते. मग फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याचं नेटवर्क निवडा, इंटरनेट नाही असा प्रश्न आला तर जोडलेलंच राहू दे असं सांगा, आणि त्यानंतर ॲप उघडा. ॲप आधीपासून उघडं असेल तर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. इतकं केलं तरी "कॅमेरा सापडत नाही" वाल्या बऱ्याचशा तक्रारी मिटतात. ॲंड्रॉइड १० पासून ॲपला थोडी वेगळी सोय मिळाली आहे, ॲप स्वतःच कॅमेऱ्याचं नेटवर्क मागू शकतं, एक छोटी खिडकी येते, तुम्ही हो म्हणता, आणि ते नेटवर्क फक्त त्या ॲपपुरतं राहतं, बाकीचा फोन आपला मोबाइल डेटावर चालत राहतो. तुमचं ॲप हे वापरत असेल तर डेटा बंद करायचीही गरज पडत नाही. पण प्रत्येक ॲप वापरतंच असं नाही.

परवानग्यांचंही तसंच. कॅमेरा चालवणारं ॲप लोकेशन कशाला मागतंय म्हणून पुष्कळ जण घाबरून नाही म्हणतात आणि मग ॲपला कॅमेऱ्याचं नेटवर्कच दिसत नाही. कारण असं की आसपास कुठली कुठली वायफाय नेटवर्क आहेत यावरून माणूस कुठे उभा आहे याचा चांगला अंदाज बांधता येतो, म्हणून ॲंड्रॉइडनं वायफाय शोधण्यालाच लोकेशनच्या परवानगीखाली आणलं. २०२२ च्या ॲंड्रॉइड १३ पासून जवळच्या वायफाय उपकरणांसाठी वेगळी परवानगी आली. आयफोनवर वेगळा प्रकार, तिथे २०२० च्या आयओएस १४ पासून लोकल नेटवर्क नावाची परवानगी लागते, पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत नाही म्हटलं गेलं असेल तर वायफाय नीट जोडलेलं दिसतं पण ॲपला कॅमेरा काही भेटत नाही. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जायचं, लोकल नेटवर्क उघडायचं आणि त्या ॲपसमोरचं बटण चालू करायचं, झालं.

एकदा जोडणी झाली की पुढचं सगळं मला तरी फार सुंदर वाटतं. थीटासारख्या कॅमेऱ्यांना गूगलनं मांडलेली ओपन स्फेरिकल कॅमेरा नावाची एक सामाईक भाषा समजते, त्या नेटवर्कच्या नावातलं ओएससी म्हणजे हेच. यात कॅमेरा एखाद्या वेबसाइटसारखा वागतो, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि फोनवरचं ॲप त्या पत्त्यावर मजकूर पाठवतं, ब्राउझर पाठवतो तसाच. तुम्ही शटरचं गोल बटण दाबलं की ॲप लिहून पाठवतं "कॅमेरा डॉट टेकपिक्चर". कॅमेरा लगेच फोटो परत देत नाही, तो म्हणतो काम चालू आहे आणि त्या कामाला एक क्रमांक देतो. मग ॲप तो क्रमांक सांगून पुन्हा पुन्हा विचारत राहतं, झालं का, झालं का, कॅमेरा म्हणतो अजून चालू आहे, चालू आहे, आणि शेवटी म्हणतो झालं, सोबत फोटो ज्या पत्त्यावर ठेवलाय तो पत्ता देतो. ॲप त्या पत्त्यावरून फोटो उचलून तुम्हाला दाखवतं. स्क्रीनवर ते जे चक्र फिरताना दिसतं ना, त्या वेळात हा सगळा संवाद चाललेला असतो. त्यामुळे चक्र फिरत असताना वैतागून दहा वेळा बटण दाबण्यात काही अर्थ नसतो, कॅमेरा हातातलं काम संपेपर्यंत दुसरा फोटो घेणारच नाही.

याच गोष्टीचा आणखी एक फायदा म्हणजे फोटो खरा कॅमेऱ्यात घडतो आणि कॅमेऱ्यातच साठतो. फोनची बॅटरी मध्येच संपली, कनेक्शन तुटलं, ॲप अडकलं, तरी सुरू झालेला व्हिडिओ सहसा रेकॉर्ड होत राहतो, कारण फोननं फक्त सुरू कर एवढंच सांगितलेलं असतं. दुसरं असं की भाषा खुली असल्यामुळे कंपनीचंच ॲप पाहिजे असं नाही, ती भाषा बोलणारं कुठलंही ॲप तो कॅमेरा चालवू शकतं. ज्या कॅमेऱ्याला फक्त स्वतःच्या कंपनीचंच ॲप चालतं त्याचं आयुष्य त्या ॲपएवढंच, ॲप नव्या फोनवर चालायचं बंद झालं की रिमोटही गेला. कॅमेरा घेताना लोक मेगापिक्सेल बघतात, मी म्हणेन ॲपला शेवटचा अपडेट कधी आलाय ते त्याआधी बघा.

स्क्रीनवर जे हलतं चित्र दिसतं, लाइव्ह प्रीव्ह्यू, त्यावर किती विश्वास ठेवायचा? जागा ठरवायला पूर्ण, बाकीच्याला बेतानं. थीटा एसमध्ये हा प्रीव्ह्यू ६४० बाय ३२० पिक्सेलचा, सेकंदाला १० चित्रं, आणि खरा फोटो ५३७६ बाय २६८८ चा. गुणाकार करून बघा, प्रीव्ह्यूत दोन लाखांच्या आसपास पिक्सेल आणि फोटोत जवळपास एक कोटी चव्वेचाळीस लाख, म्हणजे साधारण ७० पट फरक. नव्या कॅमेऱ्यांत प्रीव्ह्यू यापेक्षा बराच चांगला असतो पण खऱ्या फोटोच्या मानानं कमीच. शिवाय तो थोडा उशिरा पोचतो, कॅमेऱ्यात चित्र छोटं करायचं, दाबून बसवायचं, वायफायवरून पाठवायचं, फोननं उलगडून दाखवायचं, यात थोडा वेळ जातोच, त्यामुळे कोणी उडी मारतंय आणि तुम्ही स्क्रीनवर बघून बटण दाबताय तर तो माणूस तोवर खाली आलेला असतो. अशा वेळी व्हिडिओ घ्या आणि त्यातून फ्रेम काढा.

पिक्सेलचंच आणखी थोडं, कारण इथे नवीन लोक हमखास निराश होतात. ५३७६ हा आकडा मोठा वाटतो पण तो ३६० अंशांत वाटला जातो, म्हणजे एका अंशाला जेमतेम १५ पिक्सेल येतात. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात ४००० पिक्सेल आडवे असले आणि त्याला साधारण ७० अंश दिसत असले तर एका अंशाला ५७ च्या आसपास पडतात. म्हणून त्याच जागेवरून काढलेल्या फोटोत लांबचा डोंगर फोनमध्ये ठसठशीत दिसतो आणि ३६० मध्ये मऊमऊ. कॅमेरा खराब नसतो, त्याला सगळीकडे बघायचं असतं. यावर उपाय एकच, जे महत्त्वाचं आहे त्याच्या जवळ कॅमेरा न्या.

पण फार जवळही नको, आणि याचं कारण दोन चित्रांची शिवण. दोन लेन्सची दोन गोल चित्रं कॅमेरा किंवा ॲप कडेला कड जुळवून जोडतं, आणि दोन्ही लेन्स अगदी एकाच बिंदूवर नसतात, त्यांच्यात थोडं अंतर असतंच. नाकासमोर बोट धरून आधी एक डोळा मिटा आणि मग दुसरा, बोट जागेवरून उडी मारल्यासारखं दिसेल, लांबची भिंत मात्र फारशी हलणार नाही. लेन्सचंही तेच होतं, लांबच्या वस्तू शिवणीवर छान जुळतात आणि अगदी जवळच्या तुटतात, खुर्चीचा पाय मध्येच सरकलेला, माणसाचा खांदा अर्धा गायब. म्हणून मीटरभराच्या आत कोणी असेल तर त्याला लेन्सच्या समोर घ्या, कॅमेऱ्याच्या धारेच्या बाजूला उभं करू नका. ॲपच्या प्रीव्ह्यूत चित्र बोटानं फिरवून शिवण कुठे पडतेय ते बघता येतं, माणसं हलवण्यापेक्षा कॅमेराच स्टँडवर थोडा फिरवणं सोपं पडतं. आणि काठी फोटोत दिसत नाही ही जी जादू वाटते तीही इथूनच येते, बारीक काठी बरोबर कॅमेऱ्याच्या जाडीखाली, दोन्ही लेन्सना न दिसणाऱ्या चिंचोळ्या पट्टीत असते. जाड स्टँड लावला, नाहीतर डोक्यापाशी रुंद क्लॅम्प असला, की तो त्या पट्टीच्या बाहेर येतो आणि फोटोत दिसायला लागतो.

उजेडाचं सांगायचं तर एकाच फोटोत खिडकीतलं ऊनही येणार आणि कोपऱ्यातला अंधारही, कारण टाळण्यासारखी दिशाच नाही. ऑटोवर कॅमेरा मधला मार्ग काढतो आणि बऱ्याचदा दोन्ही बिघडवतो. ॲपमध्ये एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, थोडं खाली ओढा, अर्धा ते एक पायरी, पांढरं फटक झालेलं पुन्हा आणता येत नाही, काळवंडलेलं बऱ्यापैकी उजळवता येतं. स्थिर खोली असेल आणि कॅमेरा स्टँडवर असेल तर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० वर ठेवून शटर हळू करा, हात लागत नसल्यामुळे फोटो हलत नाही, दुरून चालवण्याचा हा फायदा लोक विसरतात. एचडीआर खोल्यांना फार छान, पण त्यात कॅमेरा वेगवेगळ्या उजेडाचे फोटो घेऊन एकत्र करतो, त्यामुळे मध्ये कोणी चाललं तर त्याचं भूत होतं. आणि एकामागून एक अशा बऱ्याच खोल्यांचे फोटो घेऊन टूर करायची असेल तर व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) ऑटोवरून काढून एकच ठेवा, नाहीतर एक खोली पिवळी आणि पुढची निळी.

किती लांबून चालतं, हा प्रश्न सगळेच विचारतात. मोकळ्या जागेत दहा मीटरच्या आसपास धरून चाला, जास्त मिळालं तर उत्तम. एवढ्याशा कॅमेऱ्यात अँटेना केवढासा असणार, आणि मध्ये भिंत आली की पल्ला झपकन कमी होतो. कॅमेऱ्यात २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असा पर्याय असेल तर लपायला लांब जायचंय तेव्हा २.४ निवडा, ते भिंतीतून बरं जातं, आणि फाइली उतरवताना ५ निवडा, ते वेगवान असतं. आपलं शरीरही मोठा अडसर आहे, शरीरात पाणी भरपूर आणि वायफायच्या लहरी पाणी शोषून घेतं, म्हणून कॅमेऱ्याकडे पाठ करून फोन पोटाशी धरला की सिग्नल आपणच अडवतो. कॅमेऱ्याकडे तोंड करा, फोन थोडा वर धरा. तरीही तुटत असेल तर सरळ टायमर लावा, ॲपमधून दहा सेकंदांचा टायमर सुरू करायचा आणि निघून जायचं, टायमर कॅमेऱ्यात मोजला जातो, मध्ये कनेक्शन गेलं तरी फोटो निघतो. बॅटरीकडे लक्ष असू द्या, वायफाय आणि सततचा प्रीव्ह्यू मिळून कॅमेरा तापतो आणि बॅटरी भराभर उतरते, दोन फोटोंच्या मध्ये बराच वेळ असेल तर ॲप बंद करून ठेवलेलं बरं.

व्हिडिओ वायफायवरून उतरवायचा मोह मात्र आवरा. सेकंदाला १२० मेगाबिटनं रेकॉर्ड केलेला एका मिनिटाचा व्हिडिओ म्हणजे सुमारे ९०० मेगाबाइट, आणि वायफायवर प्रत्यक्षात सेकंदाला ३० मेगाबिटचा वेग मिळाला तर त्या एका मिनिटाला चार मिनिटं लागतील, तोवर फोनची स्क्रीन बंद झाली तर कदाचित पुन्हा पहिल्यापासून. फोटो वायफायवरून, व्हिडिओ केबलनं नाहीतर कार्ड काढून.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. साधा कॅमेरा आपल्याकडे रोखलाय हे समोरच्याला कळतं, तो तोंड फिरवू शकतो. इथे काठीवर एक पट्टीएवढी वस्तू उभी आहे, चालवणारा माणूस दिसतच नाही, आणि खोलीतला प्रत्येक जण फोटोत आहे. म्हणून लपायला जायच्या आधी तिथल्या लोकांना सांगा की फोटो निघणार आहे, ज्याला नको त्याला बाहेर जायला वेळ द्या. लहान मुलं असतील तर आईवडिलांना विचारा. आणि तो कारखान्यातून आलेला पासवर्ड ॲपच्या सेटिंगमधून बदला, कारण तो कॅमेऱ्याच्या बुडालाच छापलेला आहे, ज्यानं कॅमेरा क्षणभर हातात घेतला त्याला जवळ उभं राहून तुमचा प्रीव्ह्यू बघता येईल आणि आतले फोटोही उतरवता येतील.

फोटो कोणाला पाठवताना शेवटची खबरदारी. ३६० चा फोटो म्हणजे दोनास एक मापाची साधीच जेपीईजी फाइल, आडवे ३६० अंश आणि उभे १८० म्हणून ते माप, आणि तिच्या आत लपवून लिहिलेलं असतं की हे चित्र गोल फिरवून दाखवायचं आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला की आकार तर लहान होतोच, हा लपलेला मजकूरही उडतो, आणि समोरच्याला वाकड्यातिकड्या छताची एक लांबट पट्टी दिसते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जशीच्या तशी पोचते, मग ३६० दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये उघडून बोटानं फिरवता येते.